एकच हॉल, दोन वर्षं: लॉस एंजेलिसच्या १९४८ च्या हॉट रॉड प्रदर्शनाचा फोटोंवरून शोध

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी. अशा हौसेने बदललेल्या गाड्यांच्या प्रदर्शनांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडपासून होते. १९५० साली अल स्लोनेकर यांनी भरवलेला रोडस्टरचा, म्हणजे पक्कं छप्पर नसलेल्या उघड्या गाड्यांचा शो, नऊ फुटी ट्रॉफी आणि ती पहिल्यांदा जिंकणारी बिल नीकॅम्प यांची १९२९ ची फोर्ड, एवढं या विषयात रस असलेल्या कुणालाही तोंडपाठ असतं. ते प्रदर्शन २००४ पासून पोमोनात भरतं. दरवर्षी भरणाऱ्या गोष्टीची आठवणही दरवर्षी ताजी होते. ओकलंडच्या दोन वर्षं आधी, २३ ते २५ जानेवारी १९४८ या शुक्रवार ते रविवारच्या तीन दिवसांत, लॉस एंजेलिसच्या एक्स्पोझिशन पार्कमधल्या नॅशनल गार्ड आर्मरीत, म्हणजे राखीव सैन्यदलाच्या कवायतीच्या हॉलमध्ये, हॉट रॉड एक्स्पोझिशन भरलं होतं. त्याचा उल्लेख आज होतो तो एका मासिकाच्या जन्मकथेतली तळटीप म्हणून. रॉबर्ट पीटरसन यांनी ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक याच प्रदर्शनाच्या वेळी २५ सेंटला विकला. आत कोणत्या गाड्या उभ्या होत्या, कशा मांडल्या होत्या, कुठली गाडी कुठल्या अवस्थेत होती, हे मात्र विखुरलेल्या फोटोंमध्येच राहिलं.

प्रदर्शनामागचं कारण लक्षात ठेवलं तर फोटो वाचायला सोपे जातात. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, ही १९३७ साली स्थापन झालेली संस्था. कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर वेगाच्या चाचण्या घेणं हे तिचं काम. युद्धानंतर वर्तमानपत्रांत ‘हॉट रॉड’ हा शब्द यायचा तो अपघाताच्या बातमीतच. रस्त्यावर शर्यती लावणारी टवाळ पोरं, अशी या मंडळींची प्रतिमा झाली होती. ती पुसायची तर गाड्या जवळून दाखवायला हव्यात, त्यातलं कसब दाखवायला हवं, म्हणून हे प्रदर्शन. त्यामुळे इथल्या फोटोंत नुसती चकाकी दिसत नाही. उघडी इंजिनं, टेबलावर मांडलेले भाग आणि लोकांसमोर जोडला जात असलेला एक अख्खा रोडस्टर दिसतो. बॉडीचं रूप पालटलेल्या कस्टम गाड्या थोड्या होत्या; कस्टम गाड्या बनवणारे जॉर्ज बॅरिस यांची १९४१ ची ब्युइक कन्व्हर्टिबल त्यातली ठळक.

खरी अडचण पुढची आहे. जानेवारी १९४९ मध्ये त्याच आर्मरीत दुसरं एक्स्पोझिशन भरलं. हॉल तोच, महिना तोच, संस्था तीच, आणि बऱ्याच गाड्याही त्याच. ‘पहिलं’ या शब्दाची ओढ अशी, की १९४९ चे फोटो नकळत १९४८ च्या खात्यात जमा होतात. आठवणीवर लिहिलेल्या मथळ्यांत हे सर्रास घडतं. म्हणून या प्रकरणातला प्रश्न एकच ठेवला आहे: ‘आर्मरी ४८’ असं पेन्सिलने लिहिलेल्या लिफाफ्यातले फोटो खरोखर कोणत्या वर्षाचे, हे कसं ठरवायचं? प्रदर्शन खरं आहे. लिफाफा मात्र पद्धत दाखवण्यासाठी बांधलेला नमुना आहे: १४ प्रिंट, त्यांतल्या नऊ ८×१० इंची आणि पाच छोट्या, कातरलेल्या कडांच्या, शिवाय ४×५ इंची तीन निगेटिव्ह. अशा लिफाफ्यांत जे सापडतं आणि जे फसवतं, ते सगळं त्यात घातलं आहे.

आधी कागद, मग गाडी

फोटो हातात आला की नजर गाडीवर जाते. तिला आवर घालून आधी प्रिंट उलटी करावी. मागचा शिक्का, पेन्सिलची खूण, चिकटवल्याचे डाग, सगळं समोरच्या बाजूसारखंच स्कॅन करायचं. स्टुडिओच्या शिक्क्यात ‘लॉस एंजेलिस ३७’ असा एक-दोन आकडी टपाल विभाग असेल तर तो १९४३ ते १९६३ या काळातला. पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये आला. शिक्क्यात झिप कोड दिसला तर ती प्रिंट नंतर काढलेली आहे. पण त्यावरून निगेटिव्हचं वय ठरत नाही. प्रिंटचं वय आणि प्रसंगाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्म्या चुका इथेच होतात.

अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च प्रिंटवर धरावा. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारं रसायन येऊ लागलं. ते असेल तर कागद निळसर पांढरा उजळतो. उजळला, तर ती १९४८ ची मूळ प्रिंट नाही. नाही उजळला, तर काहीच सिद्ध झालं नाही, कारण नंतरचे सगळेच कागद उजळत नाहीत. टॉर्च मारण्याआधी प्रिंट फडक्याने पुसू नये. आजकालच्या धुलाईच्या पावडरीतही असलंच रसायन असतं, त्याचे धागे कागदावर राहिले की ठिपके चमकतात आणि माणूस उगाच घाबरतो. बोटाला प्लास्टिकसारखा लागणारा गुळगुळीत कागद तर १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतरचाच.

४×५ ची निगेटिव्ह असेल तर कडेच्या खाचा बघाव्यात. सुट्या शीट फिल्मच्या एका कोपऱ्याजवळ फिल्मचा प्रकार सांगणाऱ्या खाचा कापलेल्या असतात. फिल्म उभी धरून खाचा वरच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात आल्या, की रसायनाचा थर आपल्याकडे असतो. त्यावरून प्रिंट उलटी निघाली आहे का ते कळतं. उलट्या प्रिंट वाटतात त्याहून जास्त सापडतात. अक्षर दिसत नसेल तर स्टिअरिंग बघा: अमेरिकन गाडीत ते डावीकडे. शर्यतीचा रोडस्टर असेल तर त्यावरही विसंबू नये, कारण हौशी लोकांनी स्टिअरिंग मधे आणलेल्या गाड्याही होत्या.

स्कॅनिंगचं माप आधीच ठरवून टाकावं. ४×५ ची निगेटिव्ह इंचाला २४०० बिंदूंनी घेतली की ९६०० × १२००० बिंदू मिळतात. १६ बिट करड्या छटांत ही टिफ फाइल सुमारे २३० एमबीची होते. ८×१० ची प्रिंट ६०० ला पुरते, त्यापुढे कागदाचा पोत मोठा होतो, माहिती वाढत नाही. छोट्या प्रिंट बहुतेक निगेटिव्हच्याच मापाच्या असतात, त्यांत बारीक तपशील जास्त टिकतो, म्हणून त्या १२०० ला घ्याव्यात. कडा कापू नयेत. नंबरप्लेट वाचायला कॉन्ट्रास्ट वाढवायचा तो प्रतीवर. आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी: फोटो ‘सुधारणारी’ एआय साधनं पुसट आकडे वाचत नाहीत, ती आकडे रचतात. ३ चा ८ झालेला कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा प्रतीवरून वाचलेला नंबर पुरावा म्हणून धरू नये.

सर्वांत नवं नाणं

जमिनीत पुरलेला नाण्यांचा हंडा सापडला की तो कधी पुरला हे त्यातलं सर्वांत नवं नाणं सांगतं. जुनी नाणी कितीही असोत, त्यांचा उपयोग नाही. गाड्यांच्या फोटोंना हाच नियम लागू. हॉलमध्ये १९२९ ची फोर्ड आहे म्हणून काहीच ठरत नाही. तिथे बहुतेक गाड्या बऱ्याच जुन्या होत्या. शोधायची ती सर्वांत नवी वस्तू, आणि ती बहुतेक वेळा प्रदर्शनातल्या गाडीत नसते, बाहेर रस्त्यावर उभी असते.

लिफाफ्यातला फोटो ३ बाहेरचा आहे: विटांची भिंत, रांगेतली माणसं आणि कडेला पार्क केलेल्या गाड्या. त्यांतली एक १९४९ च्या मॉडेलची फोर्ड आहे. सपाट बाजूंची, मडगार्ड वेगळे न दिसणारी, पुढच्या ग्रिलच्या मधोमध एकच गोळीसारखा गोल. ही गाडी लोकांसमोर आली जून १९४८ मध्ये. जानेवारी १९४८ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर असणं शक्य नाही. १९४९ ची मर्क्युरी एप्रिल १९४८ ची. मागच्या मडगार्डवर शेपटीचे पंख असलेली पहिली कॅडिलॅकही जानेवारीनंतरचीच. या तिन्हींपैकी एकही दिसली की १९४८ बाद. उलट दिशेने मात्र हा युक्तिवाद चालत नाही. नवी गाडी दिसली नाही म्हणून फोटो १९४८ चा ठरत नाही, रस्त्याच्या त्या तुकड्यात ती उभी नव्हती एवढंच. १९४६, ४७ आणि ४८ च्या फोर्ड तर एकमेकींसारख्या इतक्या की त्यांचा या कामी उपयोगच नाही.

नंबरप्लेट जास्त बोलतात. कॅलिफोर्नियाने १९४७ साली नव्या प्लेट दिल्या आणि १९४८, ४९ व ५० साठी प्लेट न बदलता त्यावर वर्षाची छोटी धातूची पट्टी लावायला दिली. नोंदणी वर्षागणिक होती आणि नूतनीकरण वर्षाच्या सुरुवातीला व्हायचं, म्हणून जानेवारीत रस्त्यावर सरमिसळ दिसते. त्यातून तीन शक्यता निघतात. पट्टीवर ४९ असेल तर फोटो १९४९ चा किंवा नंतरचा, वाद नाही. पट्टीवर ४८ असेल तर दोन्ही जानेवारी शक्य: १९४८ मध्ये मालकाने लवकर पैसे भरले असतील, किंवा १९४९ मध्ये अजून भरायचे असतील. पट्टीच नसेल तर पारडं १९४८ कडे झुकतं, कारण जानेवारी १९४९ मध्ये विनापट्टी गाडी म्हणजे वर्षभराची थकबाकी. झुकतं, ठरत नाही; ट्रेलरवरून आणलेल्या शर्यतीच्या गाडीला थकबाकीची काय फिकीर? म्हणून विनापट्टी प्लेट रस्त्यावर चालणाऱ्या साध्या गाडीची असेल तरच तिला वजन द्यावं. फोटो ७ मध्ये दाराजवळ उभ्या असलेल्या साध्या सेडानची प्लेट पूर्ण वाचता येते आणि पट्टी नाही. हा या लिफाफ्यातला १९४८ च्या बाजूचा पहिला बरा साक्षीदार.

प्रदर्शनातल्या गाड्यांच्या प्लेट काढलेल्या असतात किंवा त्यांच्या जागी क्लबची ओतीव ॲल्युमिनियमची पाटी टांगलेली असते. क्लबचं नाव उपयोगी, पण तारखेसाठी नाही. पाटी एका गाडीवरून दुसरीवर सहज जाते.

शर्यतीचा नंबर आणि डॅशबोर्डवरच्या चकत्या

या प्रकरणातला सर्वांत भरवशाचा पुरावा गाडीच्या कुशीवर रंगवलेला असतो. एससीटीएच्या गाड्यांना मिळणारा क्रमांक आधीच्या हंगामातल्या गुणांवरून ठरायचा आणि हंगामागणिक बदलायचा. तळ्यावरच्या चाचण्या उन्हाळ्याच्या आगेमागे व्हायच्या, जानेवारीत काहीच नसायचं. म्हणजे जानेवारी १९४८ मध्ये हॉलमध्ये उभ्या गाडीवर साधारणपणे १९४७ च्या हंगामातला नंबर असणार, आणि जानेवारी १९४९ मध्ये १९४८ चा. चाचण्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिकांत क्रमांक, वर्ग आणि चालक दिलेले असतात. त्या दोन्ही वर्षांच्या मिळवून क्रमांकांचा तक्ता करायचा आणि फोटोतल्या गाड्या त्यात बसवायच्या.

इथे काय चुकतं? एक, क्रमांक रंगवणारे पटाईत नव्हते. १ आणि ७ सारखे दिसतात. दोन, प्रदर्शनासाठी गाडी नव्याने रंगवली की क्रमांक पुसला जातो किंवा नव्या हंगामाचा आगाऊ रंगवला जातो. तीन, तोच क्रमांक दोन वर्षांत दोन वेगळ्या गाड्यांकडे असतो. म्हणून एका गाडीच्या क्रमांकावर निर्णय देऊ नये. एकाच फोटोत किंवा एकाच मांडणीत तीन गाड्यांचे क्रमांक एकाच हंगामाच्या यादीशी जुळले तर मानावं. फोटो ४ मध्ये ओळीने तीन रोडस्टर आहेत आणि तिन्ही क्रमांक १९४८ च्या हंगामात बसतात, १९४७ च्या यादीत दोन बसत नाहीत. म्हणून तो जानेवारी १९४९ च्या बाजूला.

त्याहून नेमकी गोष्ट म्हणजे चाचणीच्या चकत्या. वेग नोंदवला गेला की पितळेची छोटी पट्टी मिळायची, त्यावर वेग आणि तारीख. लोक त्या डॅशबोर्डवर ओळीने ठोकत. ४×५ च्या निगेटिव्हवर त्या कधीकधी वाचता येतात. सर्वांत नव्या चकतीची तारीख म्हणजे फोटोची खालची मर्यादा. फोटो ५ मध्ये उघड्या रोडस्टरच्या डॅशवर चार चकत्या आहेत आणि शेवटची १९४८ च्या हंगामातली. फोटो जानेवारी १९४८ चा असूच शकत नाही.

फोटो ११ ही त्याच गाडीची छोटी प्रिंट, आणि इथे एक जुनी फसगत आहे. फोटो ५ मध्ये गाडी मध्यम करडी आहे, फोटो ११ मध्ये जवळजवळ काळी. पहिल्यांदा बघणारा दोन गाड्या नोंदवतो, किंवा मधल्या काळात रंग बदलला असं लिहितो. कारण वेगळंच आहे. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक शीट फिल्म वापरत. घरगुती कॅमेऱ्यांत भरली जाणारी कोडॅकची व्हेरिक्रोम मात्र १९५६ पर्यंत ऑर्थोक्रोमॅटिक होती, म्हणजे तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल गाडी तिच्यावर काळी पडते. एकाच गाडीच्या दोन फोटोंतल्या छटांतला हा फरक खरं तर भेट आहे: कृष्णधवल फोटोवरून कळलं की गाडी लाल किंवा मरून रंगाची होती. हिची उलटी बाजूही ध्यानात ठेवावी. छोट्या हौशी प्रिंटमधल्या सगळ्या ‘काळ्या’ गाड्या काळ्या म्हणून नोंदवू नयेत.

बोनेटखाली

रोडस्टरची इंजिनं उघडी असतात, आणि फोर्डच्या फ्लॅटहेड, म्हणजे सपाट हेडच्या, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाला वय लपवता येत नाही. १९४८ पर्यंतच्या गाड्यांतल्या ५९ए जातीच्या इंजिनात पाण्याचा नळ सिलिंडर हेडच्या मधोमध निघतो आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग, पुढे खाली, कॅमशाफ्टच्या नाकावर, चपटा बसलेला असतो. १९४९ च्या गाड्यांसाठी आलेल्या ८बीए मध्ये नळ हेडच्या पुढच्या टोकाला आहे आणि डिस्ट्रिब्युटर उजव्या पुढच्या कोपऱ्यात सरळ उभा. फोटोत हा उभा डिस्ट्रिब्युटर ओळखायला सेकंद पुरतो. हौशी मंडळी एडलब्रॉक, ऑफेनहाउझर अशा नावांचे ॲल्युमिनियमचे हेड बसवत, म्हणून हेडवरचं नाव बघून इंजिनाचं वय ठरवू नये. पाणी कुठून निघतं ते बघावं. स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर तर १९३६ पासूनचे, दोन-तीन-चार कितीही बसवलेले असोत, तारखेला उपयोग शून्य.

एक बारीक वळसा आहे. फोर्डने नवे एफ मालिकेचे ट्रक १६ जानेवारी १९४८ ला आणले, प्रदर्शनाच्या अवघा आठवडाभर आधी, आणि नव्या धाटणीचं व्ही-८ त्यांतही होतं. म्हणजे कागदोपत्री असं इंजिन २३ जानेवारीला अस्तित्वात होतं. ते आठवड्यात ट्रकमधून काढून, त्यावर शर्यतीचे भाग चढवून, रोडस्टरमध्ये बसवून हॉलमध्ये आणलं असं मानायचं असेल तर तसा दुसरा पुरावा हवा. फोटो ९ मध्ये उभा डिस्ट्रिब्युटर आणि चारी बाजूंनी क्रोम केलेलं इंजिन आहे. क्रोमकामालाच आठवडे लागतात. फोटो १९४९ चा.

बॉडीवरून गाडी ओळखताना आणखी एक चूक होते. १९२७ च्या मॉडेल टी ची बॉडी मॉडेल ए च्या किंवा १९३२ च्या चेसिसवर बसवण्याची पद्धत होती, आणि १९३२ चं ग्रिल तर ज्याला त्याला हवं असायचं. ग्रिल पाहून ‘३२ ची फोर्ड’ असं नोंदवलेल्या निम्म्या गाड्या मॉडेल ए निघतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोजणं हा जास्त खात्रीचा मार्ग: मॉडेल टी १०० इंच, मॉडेल ए १०३.५, १९३२ ची १०६, १९४० ची ११२. गाडी तिरपी असेल तर चाक लंबगोल दिसतं. त्या लंबगोलाची रुंदी भागिले उंची हे गुणोत्तर काढून, फोटोत मोजलेल्या व्हीलबेसला त्याने भागलं की तिरपेपणाची भरपाई साधारण होते. साधारणच, जवळचं चाक मोठं दिसतं आणि मागचे टायर मुळातच मोठे घातलेले असतात. या पद्धतीने १०० आणि ११२ मधला फरक कळतो, १०३.५ आणि १०६ मधला नाही. तिथे चेसिसचा आकार बघावा लागतो: १९३२ च्या चेसिसच्या बाजूला दाबून काढलेली लांब वळणदार रेघ असते, मॉडेल ए ची बाजू सपाट.

हॉल आहे तरी आर्मरीच का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, पण प्रत्यक्षात तो शेवटीच सुचतो. फोटो १२, १३ आणि १४ मध्ये कस्टम गाड्या आहेत, दिसायला देखण्या, आणि लिफाफ्यातल्या सर्वांत जास्त छापाव्याशा वाटणाऱ्या. फोटो १२ मधल्या मर्क्युरीला तीन पात्यांच्या फिरकीची ओल्ड्समोबिल फिएस्टाची व्हीलकॅप आहे. ती १९५३ ची. वाद तिथेच मिटला: हे तिन्ही फोटो आर्मरीच्या दोन्ही प्रदर्शनांचे नाहीत. (चार हेडलाइट दिसले असते तर आणखी पुढे, १९५७-५८ पर्यंत सरकावं लागलं असतं.) छताकडे पाहिल्यावरही तेच कळतं. फ्लॅशच्या फोटोत मागचा भाग काळा पडतो, पण निगेटिव्हच्या विरळ भागात छताचे ट्रस, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, बहुतेक वेळा शिल्लक असतात; प्रतीवर सावल्या उजळवून त्यांची नक्षी काढता येते. त्रिकोणांची संख्या, खांबांची जाडी, खिडक्यांची उंची जमवून ज्ञात फोटोंशी ताडावी.

आर्मरीची इमारत आजही उभी आहे. मॉर्फोसिस या वास्तुविशारद संस्थेने तिचा कायापालट करून २००४ मध्ये तिथे विज्ञान केंद्राशी जोडलेली शाळा सुरू झाली. बाहेरची भिंत ताडून बघता येते, आत मात्र खूपच बदल झाला आहे. म्हणून आतल्या बाजूसाठी जुनेच फोटो लागतात: सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयातला ‘लॉस एंजेलिस एक्झॅमिनर’चा १९२० ते १९६१ चा संग्रह आणि शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातला ‘हेरल्ड एक्झॅमिनर’चा. दोन्हींचा मोठा भाग पुण्यात बसूनही चाळता येतो. शोधशब्द ‘हॉट रॉड’ टाकला की अपघातांचा ढीग पुढे येतो. ‘आर्मरी’ आणि ‘एक्स्पोझिशन पार्क’ टाकून महिना जानेवारीपुरता मर्यादित केला तर काम लवकर होतं. त्याच हॉलमध्ये भरलेल्या भलत्याच कार्यक्रमांचे, कवायतींचे फोटोही घ्यावेत. गाडी नसलेल्या फोटोत छत जास्त स्वच्छ दिसतं.

उरलेल्या फोटोंत १, २ आणि ६ ही हॉलमध्ये जोडल्या जाणाऱ्या रोडस्टरची आहेत. प्रदर्शनात लोकांसमोर गाडी जोडायची कल्पना संशोधकाला घड्याळासारखी उपयोगी पडते: फोटो २ मध्ये उघडी चेसिस आणि पुढचा ॲक्सल, फोटो ६ मध्ये इंजिन बसलेलं, फोटो १ मध्ये बॉडी चढलेली. तीन दिवसांच्या आतला क्रम लागला. फोटो २ च्या मागे दिसणाऱ्या कापडी फलकाला उजव्या खालच्या कोपऱ्यात चुणी पडली आहे, आणि तीच चुणी फोटो ७ मध्येही आहे, दाराबाहेरच्या त्या विनापट्टी सेडानच्या खांद्यावरून दिसणारी. फोटो १ मध्ये टेबलावर मासिकाचे गठ्ठे आहेत आणि वरच्या प्रतीचं मुखपृष्ठ जानेवारी १९४८ च्या पहिल्या अंकाचं. जुना अंक वर्षानंतरही विकता येतो, म्हणून एकट्या मासिकाने काही ठरत नाही. पण गठ्ठेच्या गठ्ठे एकाच अंकाचे, शेजारी दुसरा कुठलाही अंक नाही, चुणी जुळते आणि सेडानला पट्टी नाही, हे चौघं मिळून १, २, ६ आणि ७ ला जानेवारी १९४८ मध्ये बसवतात.

फलक, दोरखंड, खांबावरचे कागद यांच्यावर वेळ घालवणं कंटाळवाणं असतं, पण दोन फोटो एकमेकांना बांधायला यांच्याइतकं चांगलं काही नाही. गाडी पुढच्या वर्षी पुन्हा येते. चुणी पुन्हा तशीच पडत नाही.

जमिनीवरची मांडणी काढायची तर असे बांधलेले फोटो लागतात. दोन वेगळ्या जागांवरून घेतलेल्या फोटोंत तेच दोन खांब दिसायला हवेत. मग खांब पक्के धरून गाड्या कागदावर मांडता येतात. खांबांमधलं अंतर गाडीच्या व्हीलबेसवरून काढताना गाडी आणि खांब कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत ना ते बघावं, नाहीतर हॉल दीडपट मोठा निघतो. पाच-दहा टक्क्यांची चूक धरूनच चालावं आणि नकाशावर ती लिहावी.

मथळा काय लिहायचा

१४ फोटोंचा हिशेब असा: १, २, ६, ७ जानेवारी १९४८, ३, ४, ५, ९, ११ जानेवारी १९४९, १२, १३, १४ वेगळ्याच, १९५३ किंवा त्यानंतरच्या प्रदर्शनाचे. लिफाफ्यावरचं पेन्सिलचं ‘४८’ चौदांपैकी चारच फोटोंना खरं ठरलं. तरी ते अक्षर खोडू नये. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवून खाली आपली नोंद, कारणासह, वेगळ्या ओळीत लिहावी. ‘फोटो ५: जानेवारी १९४९, आधार: डॅशवरील चकती’ एवढं पुरतं. उद्या कुणी ती चकती वेगळी वाचली तर नेमकं काय बदलायचं ते त्याला कळेल. गाडीपुढच्या कार्डावर मालकाचं नाव आणि पत्ता वाचता येत असेल तर नाव संशोधनाच्या नोंदीत राहू द्यावं, पत्ता छापू नये.

छापण्याआधी हक्कांकडे बघावं. १९४८ मध्ये अमेरिकेत हक्कसूचनेसह प्रसिद्ध झालेल्या फोटोचा हक्क २८ व्या वर्षी नूतनीकरण केलं नसेल तर संपलेला असतो. नूतनीकरणाच्या सरकारी याद्या तपासता येतात. कधीच प्रसिद्ध न झालेल्या निगेटिव्हचा नियम वेगळा: छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि नाव माहीत नसेल तर काढल्यापासून १२० वर्षं. प्रिंट विकत घेतली म्हणजे हक्क मिळाला असं नाही.

राहिले फोटो ८ आणि १०. छत आर्मरीचं आहे. गाड्यांवर क्रमांक नाहीत, इंजिनं झाकलेली, मागे फलक नाही, प्लेटच्या जागी क्लबच्या पाट्या. फोटो ८ मध्ये १९४१ ची ब्युइक आहे आणि ती बॅरिस यांचीच असावी असं वाटण्याचा मोह जबरदस्त होतो. पण १९४१ पासून ब्युइकचे हेडलाइट मडगार्डमध्ये पूर्ण सामावलेले असत, आणि त्या मॉडेलवर हात चालवणारे एकटे बॅरिस नव्हते. ज्ञात फोटोंशी ग्रिल, छताचा उतार, बाजूच्या पट्ट्या आणि व्हीलकॅप या चारही गोष्टी जुळल्याशिवाय नाव लावायचं नाही. इथे समोरचा अर्धा भाग माणसांच्या पाठींनी झाकला आहे. दोघांच्या खाली मथळा: ‘आर्मरी, जानेवारी १९४८ किंवा १९४९.’